पहिला भिंतीचा

१

दर सोमवारी सकाळी भट्टी पेटवायची, ती तापेपर्यंत चहा ठेवायचा, आणि चहा होईपर्यंत दाराजवळच्या फळीवरचे बिल्ले पुसायचे. माझ्या वडलांचा हाच क्रम होता आणि मी तो बदललेला नाही. बदलून काय मिळणार होतं? धूळ तीच, फडकंही बहुतेक तेच.

आमचा कारखाना बर्मिंगहॅमच्या सोनारआळीत, वॉरस्टोन लेनच्या मागच्या बोळात. कारखाना म्हणायचं आपलं, आहेत दोन खोल्या आणि मागे विटांचा चौक. आम्ही बिल्ले करतो. शाळांचे, क्लबांचे, आणि एके काळी मुख्यतः मोटारींचे. मोटारीच्या नाकावर तो रंगीत, काचेसारखा चमकणारा तुकडा असायचा ना, तो असल्याच बोळांतून जायचा. पोलादात ठसा कोरायचा, प्रेसखाली तो तांब्याच्या पत्र्यावर उठवायचा, खोलगट जागांत पिसाच्या दांडीने ओला मीना, म्हणजे रंगीत काचेची पूड, भरायचा, भट्टीत घालायचा, घासायचा, पुन्हा भट्टीत घालायचा. प्रेस एव्हर्टन चालवतो. मीना मी भरते, आणि वडील गेल्यापासून ठसेही मीच कोरते. आता एवढीच माणसं उरलीत.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या ठशातून निघालेला पहिला चांगला बिल्ला गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. त्याच्या दोन बाजूंना भोकं पाडलेले कान असतात, त्या दोन्ही कानांत खिळे मारून तो फळीवर ठोकायचा. पहिला भिंतीचा, दुसरा गिऱ्हाइकाचा. उद्या रंगावरून वाद झाला तर ताडून बघायला नमुना हवा, यापलीकडे त्याला काही कारण नाही. फक्त वडील ठोकताना प्रत्येक वेळी म्हणायचे, “आता थांब तिथेच.” शाळेचा बिल्ला असो नाहीतर कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा, वाक्य तेच. मीही म्हणते. जिभेला वळण पडलंय.

फळीच्या मधोमध वॉर्डलो मोटारींचे सहा बिल्ले ओळीने आहेत. पहिला माझ्या आजोबांच्या वेळचा. दगडी कमान, तिच्यातून आत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, वर चंद्र, आणि रस्त्याच्या पार टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पहारेकरी, हातात कंदील घेतलेला. दुसऱ्यात झाडं गेली. तिसऱ्यात, युद्धानंतरच्या, चंद्र गेला. चौथा ठसा वडलांनी कोरला, माझ्या जन्माच्या सुमारास. त्यात पहारेकरी कमरेपासून वर, कमान भरून. पाचव्यात नुसतं डोकं आणि कंदील. तेव्हापासून कंपनी प्लास्टिकचे बिल्ले दुसरीकडून करून घ्यायला लागली, आमच्याकडे फक्त शोरूमपुरते थोडे यायचे. सहाव्यात टोपीची कड आणि कंदिलाचा ठिपका, बस्स. आम्ही सगळे त्याला कंदीलवाला म्हणतो.

माझी मुलगी ब्रायनी याच फळीखाली रांगली. आता ती वॉर्डलोच्या स्टुडिओत चित्रं काढते, आणि कंपनीच्या शंभराव्या वर्षाच्या नव्या बिल्ल्याचं काम तिच्याकडे होतं. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कितीही कुरकुरले तरी ते विसरू नका.

२

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ती आली. हातात बेकनचे तीन पाव, कागदात गुंडाळलेले.

“आल्या मोठ्या बाई,” एव्हर्टन म्हणाला. “स्टूल पुसू, की गालिचा अंथरू?”

“गालिचा. आणि एव्हर्टनकाका, तुमच्या पावात सॉस जास्त घालून आणलाय. नंतर रडायचं नाही.”

तिने संगणक उघडला. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेघेची एक कमान होती. सपाट. आत काही नाही.

“हे काय?” मी म्हटलं.

“लोगो.”

“आणि कंदीलवाला?”

“काढला.”

“काढला म्हणजे? शंभर वर्षं उभा आहे बिचारा.”

“आई, सहाव्यात तरी तो कुठे होता? टोपीची कड तेवढी होती. लोकांना ती भुवई वाटायची.” ती पाव खाता खाता बोलत होती, तोंड भरलेलं. “हे बघ. पूर्वी मोटार एवढी हळू जायची की लोक उभे राहून बघत. तेव्हा झाडं, चंद्र, सगळं परवडायचं. वेग वाढला तसं चित्र सोपं करावं लागलं. मग मधे सगळ्यांनाच फुगीर आणि चकचकीत करायची हौस आली. आता लोक लोगो आधी फोनवर बघतात, नखाएवढा. तिथे फुगीर चालत नाही, सपाट लागतं. सगळ्याच कंपन्या करतायत. कुणाच्या सिंहाची आयाळ गेली, कुणाच्या पंखांची पिसं गेली.”

“म्हणजे सगळ्यांनी टक्कल केलंय,” एव्हर्टनने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. “मी यांच्या आधी केलं, कुणी कौतुक नाही केलं.”

ती हसली. मग पावाचा कागद चुरगाळत म्हणाली, “खरं तर मी काढला असंही नाही. टोपी ठेवून बरेच नमुने केले होते. एक दिवस जेवून परत आले तर पडद्यावर नुसती कमान. संगणकातल्या चित्राचा एखादा थर चुकून बंद झाला असेल. पण बघितलं आणि वाटलं, हेच हवं होतं.”

“चुकून?” मी विचारलं.

“चांगल्या गोष्टी चुकूनच होतात. तूच म्हणतेस, मी पण अशीच झाले.”

निघताना ती चौकातून गाडी मागे घ्यायला लागली. मी दारात उभी होते. गाडीच्या मागे काही असलं की ती पी-पी करते, जवळ आलं की एकसुरी आवाज लावून धरते, तसा आवाज लागला. गाडीमागे ओल्या विटा होत्या. कचऱ्याचे डबे पार दुसऱ्या कोपऱ्यात.

ब्रायनीने काच खाली केली. “काय आहे मागे?”

“काही नाही.”

“मग ही का बोंबलतेय?”

मी जवळ गेले. तिच्या पुढच्या पडद्यावर गाडीचं छोटं चित्र होतं, आणि गाडीच्या मागच्या बाजूला एक लाल कंस. बघता बघता तो कंस सरकला. मागून डावीकडे आला, मग डाव्या बाजूने पुढे, शेजारच्या सीटच्या दारापर्यंत. तिथे विझला. आवाज थांबला.

“पाऊस गेला असेल आत,” ब्रायनी म्हणाली. मी म्हटलं, हो, तसंच असेल. पाऊस दुपारभर पडलाच नव्हता.

३

सोमवारी मी बिल्ले पुसत असताना एव्हर्टन चहाचे दोन मग घेऊन मागे येऊन उभा राहिला.

“नोरी, एक सांगू? तुला मूर्खपणा वाटेल.”

“तुझं बहुतेक तसंच वाटतं. बोल.”

“पोर म्हणते चित्र सोपं होत गेलं. तू जरा डावीकडून बघत ये. तो सोपा होत नाहीये. जवळ येतोय.”

मी बघितलं. तांदूळ. घेवड्याचा दाणा. अंगठा. मग कमान भरून उभा. मग डोकं. मग टोपीची नुसती कड, बाकी सगळं इतकं जवळ की चौकटीत मावत नाही.

“अरे, चित्र मोठं केलं की आजूबाजूचं बाहेर जाणारच,” मी म्हटलं. “त्यात नवल काय? दर पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी नवा साहेब येतो आणि म्हणतो, मोठं करा. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नसतं.”

“तेच तर म्हणतोय. कुणी ठरवलं नाही, तरी एकदाही मागे नाही गेला.”

“आणि सातव्यात?”

त्याने एक मग पुढे करून माझ्या हातात दिला. “चहा गार होतोय,” म्हणाला.

मी त्याला दिवसभर टोमणे मारले. पण मीना भरताना दोन बिल्ल्यांचा हिरवा निळ्यात गेला. संध्याकाळी चारलाच अंधारून आलं तेव्हा लक्षात आलं की मी सकाळपासून चौकाच्या दाराला आतून कडी घालून बसले होते. तीस वर्षांत त्या कडीला कुणी हात लावलेला नव्हता.

ब्रायनीला फोन केला. गाडीचं विचारलं, सहज विचारल्यासारखं.

“मागचा सेन्सर बदलून घेतला,” ती म्हणाली. “आता वेगळंच नाटक सुरू झालंय. शेजारच्या सीटवरचा पट्टा लावा म्हणून टिंग-टिंग करते. सीटवर कुणी बसलं की करते तशी.”

“पिशवी ठेवली असशील.”

“काही नाही ठेवलेलं. शेवटी मी रिकाम्या सीटला पट्टा लावून टाकला. आता गप्प असते.” ती हसत होती. “सोबत मिळाली म्हणायची.”

मीही हसले. फोन ठेवला आणि चौकाच्या दाराची कडी पुन्हा बघून आले. मला भीती वाटत होती, आणि साठीला आलेल्या, भट्टीत हात घालणाऱ्या बाईला गाडीच्या टिंग-टिंगची भीती वाटते, याचा रागही येत होता.

४

त्याच आठवड्यात ती पुन्हा आली, मधल्या वारी, कामाच्या वेळात. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“जागतेस का?”

“काम आहे गं. हे बघ, तुम्हाला दोघांना दाखवायला आलेय.” तिने फोन आमच्यापुढे धरला. “अनावरणाच्या वेळी मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. शंभर वर्षांचे लोगो, एकातून एक.”

पहिला बिल्ला दिसला, आमच्या फळीवरचाच, तिने फोटो काढून नेलेला. झाडं विरली. चंद्र बुडाला. आणि रस्त्याच्या टोकाचा तो तांदळाचा दाणा चालायला लागला. चांगला पावलं टाकत. डावा पाय किंचित ओढत. कंदील हातात हलत होता आणि त्याचा उजेड कमानीच्या दगडांवर खाली-वर होत होता.

“पावलं कुणी काढली?” एव्हर्टनने विचारलं.

“कुणी नाही. मी सहा चित्रं दिली. मधली जागा संगणकाने भरली. त्याला फक्त एवढंच कळतं की या चित्रातून त्या चित्रात जायचंय.”

कंदीलवाला कमानीपाशी आला. त्याचं डोकं मोठं होत गेलं. आणि पाचव्या-सहाव्याच्या मधे कुठेतरी त्याने मान वळवली. जाता जाता खिडकीत कोण आहे ते आपण बघतो ना, तशी. मग टोपीची कड वर सरकून पडद्याबाहेर गेली, ठिपका गेला, आणि नुसती कमान उरली.

“मान वळवायला सांगितली होतीस?”

“नाही. पण छान दिसतं ना?” तिने फोन बंद केला. “स्टुडिओत सगळ्यांना भयंकर आवडलं. फक्त आता कुणी दाराकडे पाठ करून बसत नाही. गंमत म्हणून म्हणतात, पण खुर्च्या खरंच फिरवून घेतल्यात.”

“तू?”

“माझी तर आधीपासून भिंतीला टेकलेली आहे.” तिने माझा हात धरला. असं ती लहानपणीही फारसं करायची नाही. “आई, मला एक खरा बिल्ला करून दे. मीना केलेला, आजोबांच्या हत्यारांनी. पुढच्या गुरुवारी कॉव्हेंट्रीला अनावरण आहे. सगळं पडद्यावरच आहे गं, हातात धरायला काही नाही. मी तो कोटावर लावीन.”

“पहिला भिंतीचा.”

“मग दुसरा माझा. झालं?”

मी हो म्हटलं. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. सातवा बिल्ला झाला की मी तो सहाव्याच्या शेजारी ठोकणार, दोन्ही कानांत खिळे मारणार, थांब तिथेच म्हणणार, आणि हा सगळा खुळचटपणा संपणार. लेकीच्या गाडीतली ती सीट मला रिकामी हवी होती. कशावर माझा विश्वास होता, कशावर नव्हता, ते विचारू नका. खिळे मात्र मी त्याच दिवशी वेगळे काढून ठेवले.

५

कमानीचा ठसा म्हणजे काय मोठं काम! पण कमानीची गोलाई जुन्याशी जुळायला हवी म्हणून मी वडलांचा चौथा ठसा कपाटातून काढला. आमच्याकडे ठसे ग्रीस लावून पालथे ठेवतात, गंज चढू नये म्हणून. मी तो पुसला आणि दिव्याखाली उताणा केला.

ठशात सगळं उलटं आणि खोल असतं. बिल्ल्यावर जो चेहरा उठून येतो तो ठशात खड्डा असतो. पण उजेड चुकीच्या बाजूने पडला की तोच खड्डा डोळ्यांना उठावाचा दिसतो, आणि आपण डोकं हलवलं की तो चेहरा आपल्याबरोबर वळतो. नव्याने शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशीच हे दाखवतात, पुढे एकट्याने बसल्यावर घाबरू नये म्हणून. उपाय सोपा आहे. दिवा डावीकडे घ्यायचा. चेहरा पुन्हा खड्ड्यात जातो.

तो माझ्याबरोबर वळला. मी दिवा डावीकडे घेतला. चेहरा खड्ड्यात गेला, निमूट. मी स्वतःलाच हसले.

मग भिंग लावून बघितलं. फळीवरच्या बिल्ल्यात तो सरळ समोर बघतो. वडलांनी त्याला सरळच कोरला होता. ठशात त्याची नजर बाजूला होती, माझ्या खांद्यावरून, चौकाच्या दाराकडे. गंजाने बुबुळाची कड खाल्ली असेल. इतक्या वर्षांत ग्रीस सुकतंच. मी गोलाईचं माप घेतलं आणि ठसा पालथा ठेवला. दाराकडे बघितलं नाही.

नवा ठसा बुधवारी कोरून झाला. पोलादाला पाणी दिलं, म्हणजे लालभडक तापवून तेलात बुडवलं. त्यानंतर तो मंद आचेवर पुन्हा शेकायचा असतो आणि हळूहळू निवू द्यायचा असतो. नाहीतर पोलाद कडक होतं पण ठिसूळ राहतं. हे मला वयाच्या पंधराव्या वर्षापासून माहीत आहे.

“शेकला का नीट?” गुरुवारी सकाळी एव्हर्टनने विचारलं.

“थोडा.”

“थोडा म्हणजे? अंडं आहे का ते?”

“दुपारी ती येणार आहे. मीना कधी भरू? तू मार बाबा.”

त्याने मान हलवली आणि प्रेस मारली. पहिला बिल्ला निघाला तो इतका स्वच्छ की वडलांनीही नाक मुरडलं नसतं. दुसऱ्या पत्र्यावर प्रेस आली तेव्हा टणकन आवाज झाला, कपबशी फुटल्यासारखा. ठशाला मधोमध तडा गेला होता. दुसऱ्या पत्र्यावर कमानीच्या आत एक आडवी वाकडी रेघ उठली होती.

चांगला असा एकच बिल्ला होता.

६

मी तो काळ्या मीन्याने भरला, भाजला, घासला, पुन्हा भाजला. ती दोनच्या सुमारास आली तेव्हा तो अजून कोमट होता. नवा राखी कोट, केस बांधलेले, डोळ्यांखालचं काळं पावडरीने झाकलेलं. मला ती फार सुंदर दिसली.

“दाखव, दाखव.” तिने तो तळहातावर घेतला आणि उजेडाकडे धरून म्हणाली, “आई गं. केवढा खोल दिसतो हा काळा.”

“एकच झालाय,” मी म्हटलं. “ठसा फुटला.”

“मग?”

एव्हर्टन फळीपाशी उभा होता. हातोडी त्याच्या हातात होती, खिळेही. “ठोक, नोरी,” तो म्हणाला. थट्टेचा सूर नव्हता.

“आणि मी कोटावर काय लावू, पोस्टाचं तिकीट?” ब्रायनी हसली. पण तिने बिल्ला मुठीत धरला होता, आणि ती मूठ छातीशी. “आई, मी सगळ्यांना सांगितलंय. माझी आई करून देतेय म्हणून. सगळा स्टुडिओ वाट बघतोय. उद्या दुसरा कर ना भिंतीसाठी. भिंत कुठे पळून जातेय?”

मी एव्हर्टनकडे बघितलं, मग तिच्याकडे. एका बाजूला दोन खिळे आणि वडलांचं एक सवयीचं वाक्य. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, आईने हाताने केलेली वस्तू मागणारी. कुठल्या आईने दुसरं काही केलं असतं?

“घे,” मी म्हटलं. “मी घाईघाईत पिन डकवलीय मागे. जपून.”

तिने आरशात बघावं तसं माझ्याकडे बघत बिल्ला कोटावर लावला, डाव्या बाजूला. पिन बसवून वरून दोन बोटांनी दाबला आणि अगदी माझ्या वडलांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आता थांब तिथेच.”

एव्हर्टनच्या हातातला एक खिळा खाली पडला.

“काय झालं? बरोबर म्हटलं ना?”

“बरोबर म्हटलंस,” मी म्हटलं. “जा, उशीर होईल. पोचलीस की फोन कर.”

ती गाडीत बसली. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेलाच होता, रिकाम्या सीटवर ताणून. तिने गाडी मागे घेतली आणि काही वाजलं नाही. पी नाही, टिंग नाही. मला बरं वाटलं. बघ, म्हटलं, एवढंसं होतं, संपलं. गाडी चौकातून वळून बोळात शिरली तेव्हा तिने माझ्याकडे बघून हात हलवला. तिच्या पलीकडे, डाव्या खिडकीच्या काचेशी, छातीच्या उंचीवर पिवळट उजेडाचा एक ठिपका होता. गाडी खड्ड्यातून गेली तसा तो हलला. गाडीच्या आतला दिवा असेल, म्हटलं. पण गाडीचा दिवा असा झुलत नाही.

७

ती पोचली नाही.

कॉव्हेंट्रीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला थांबायला जागा आहे, तिथे गाडी सापडली. इंजिन चालू होतं. दारं आतून बंद, दोन्ही पट्टे लावलेले. मागचा सेन्सर एकसुरी आवाज लावून बसला होता, आणि मागे ओल्या कुंपणाखेरीज काही नव्हतं. पोलिसांनी चांगलं वागवलं, पुन्हा पुन्हा विचारलं, चहा दिला. मोठी माणसं कधी कधी आपणहून जातात, असंही हळूच सांगितलं. मी विचारलं, पट्टा लावून? त्यांनी ते लिहून घेतलं. कोट गाडीत नव्हता. बिल्लाही नव्हता.

अनावरण तिच्याविना झालं. आता ती कमान सगळीकडे आहे, गाड्यांच्या नाकावर, बसस्टॉपवर, आमच्या गल्लीच्या टोकाला मोठ्या फलकावर. रात्री तिची कड पांढरी पेटते. मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

बरेच दिवस मी भट्टी पेटवली नाही. मग एका सकाळी एव्हर्टन आधीच येऊन बसला होता, भट्टी तापली होती, आणि माझ्या बाकावर तो तड्याचा पत्रा होता, दुसरा.

“भर,” तो म्हणाला. “निदान भिंतीचं भिंतीला देऊ.”

मी काळा मीना भरला. हाताला काम मिळालं म्हणून भरला. भाजला, घासला. तडा कमानीच्या उंबऱ्यात आडवा दिसत होता. घासताना काळ्यात, अगदी आत, एक फिकट कण वर आला. तांब्याचा कण असतो कधी कधी, मीन्यातून फुटून येतो. शिकाऊ पोरांच्या कामात हमखास. मी अजून घासलं, तो जाईना. पुन्हा भाजला. तेव्हा कणाखाली एक रेघ दिसली, लांबच लांब, आत जाणारी. रस्त्याची. तो मी कोरलेला नव्हता.

भिंग लावलं. दिवा डावीकडे घेतला.

तांदळाच्या दाण्याएवढी होती. लांब कोट. कंदील नव्हता. छातीपाशी एक बारीक पांढरा चौकोनी उजेड होता, फोनचा असतो तसा. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती.

मी भिंग एव्हर्टनला दिलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने बाकावरची हातोडी उचलली आणि खणात टाकून खण बंद केला.

“ठोकायचा नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

ठोकला तर ती तिथेच थांबेल. एवढं मला कळत होतं, कसं कळत होतं ते विचारू नका. आणि नाही ठोकला तर तीही येईल, तो आला तशी. ठशाठशाने. त्याला शंभर वर्षं लागली, कारण मधे कंपनी होती, साहेब होते, त्यांच्या बैठका होत्या. मला कुणाला विचारायचं नाही. माझ्याकडे पोलाद आहे, वडलांची हत्यारं आहेत, आणि हात अजून चालतात.

मी नवा तुकडा घेतला आणि त्यावर कमान आखली. आत रस्ता आखला. रस्त्याच्या टोकाला, जरा अलीकडे, तिची खूण केली. या वेळी गव्हाच्या दाण्याएवढी. घाई करणार नाही. पाणी देईन, शेकही नीट देईन.

एव्हर्टन माझ्यामागे उभा होता. चौकात ब्रायनीची गाडी आहे, पोलिसांनी परत आणून दिलेली, तिच्याकडे त्याची पाठ होती. पहिली रेघ मारायला मी हत्यार टेकवलं तेव्हा तो म्हणाला, “नोरी. पुढे येईल ती ब्रायनीच असेल ना?”

“दिवा जरा डावीकडे घे,” मी म्हटलं, आणि कोरायला लागले.